पेटी वाजत नव्हती

५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल पडला तेव्हा मी पणजीच्या काठावर बाबांचा हात धरून उभी होते. पाऊस लागलेला. बाबांची काळी छत्री, तिची एक काडी मोडलेली, तिथून माझ्या डाव्या खांद्यावर पाणी गळत होतं. नदी लाल मातीच्या रंगाची झाली होती. आधी एक दबका आवाज आला, मग पलीकडच्या माणसांचा गलका. मी नऊ वर्षांची होते.

ही गोष्ट मी पस्तीस वर्षं सांगितली. मुलांना सांगितली, ऑफिसात सांगितली, पर्वरीकडे जाताना गाडीत बसलेल्या पाहुण्यांना तर हटकून सांगितली. मग एकदा भावाने जुने फोटो आवरायला काढले आणि त्यातला एक माझ्यासमोर ठेवला. आजोळच्या घरी मामाच्या मुलाचं बारसं. पाळण्याभोवती बायका, आणि कोपऱ्यात खांबाला टेकून मी, हातात केळीचं पान. मागे बाबांच्या अक्षरात : ५-७-८६, शनिवार.

आजोळ फोंडा तालुक्यात, पणजीपासून तीसेक किलोमीटर. पूल पडला त्या दिवशी मी मांडवीच्या काठावर नव्हतेच.

कपाटातून आपली वस्तू कुणी काढून न्यावी तसं मला वाटलं. मोडक्या काडीची छत्री बहुधा खरी असेल, फेरीबोटीच्या रांगाही खऱ्या. पूल नसल्यामुळे पणजी-बेती फेरीवर माणसांची झुंबड कितीतरी महिने उडत होती. त्या आठवड्यात कधीतरी बाबांनी आम्हाला तुटलेला पूल दाखवायला नेलं असणार. वर्तमानपत्रातला फोटो, शेजाऱ्यांची बोलणी, बाबांचं सांगणं या सगळ्याला माझ्या मनाने एका दुपारी एकत्र आणून बसवलं, आणि आवाज तर सरळ पदरचा घातला.

त्याच वर्षी, जानेवारीत, अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं होतं. अल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याची सहकारी निकोल हार्श हिने दुसऱ्याच दिवशी सकाळी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं, काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांतल्या ११ जणांचं मुख्य तपशिलांपैकी एकही उत्तर पहिल्याशी जुळेना. तरी ते ठाम होते. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद पुढे ठेवला तेव्हाही जुनी आठवण परत आली नाही. नवी होती तीच खरी वाटत राहिली. हे वाचलं तेव्हा मला ती मुलं फार जवळची वाटली. तो फोटो पाहूनही माझ्या डाव्या खांद्याला आजही पाणी लागतं.

मात्र आज लिहायला बसले आहे ते पुलासाठी नाही. माझ्या मावसबहिणीसाठी बसले आहे.

ती माझ्याहून दीड वर्षाने मोठी. मी तिला ताई म्हणते. मावशीचे यजमान आखातात नोकरीला होते, त्यामुळे मावशी आणि ताई आजोळच्याच घरी राहायच्या. राजांगणाच्या डाव्या हाताला लाकडी जिना होता, वर माडी. माडीवर ताई पेटी शिकायची. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, गाणं-बजावणं घराघरात. मुलीने पेटीवर दोन भजनं वाजवली की सगळ्यांचा ऊर भरून यायचा. मास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायचे. जेवणं झालेली असायची, मोठी माणसं आडवी झालेली असायची.

दोन वर्षांपूर्वी गावात त्या मास्तरांचा सत्कार करायचं ठरलं. वय ऐंशीच्या पुढे. गौरवग्रंथ निघणार होता आणि ताईला फोन आला : तुम्ही त्यांच्या सुरुवातीच्या शिष्यांपैकी, चार शब्द लिहून द्या. ताईने तीन दिवस काही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी रात्री अकराला तिने मला फोन केला. चाळीस मिनिटं बोलत होती. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. बारा वर्षांची मुलगी, बंद खोली, आणि घरातल्या सगळ्यांनी ज्याला वाकून नमस्कार करायचा तो माणूस, एवढं पुरे.

ती बोलायची थांबली तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोलले, ते मला लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, "पण माडीवर तेव्हा भात ठेवायचे ना? पेटी खाली सोप्यावर नव्हती?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "भात पावसात ठेवायचे. एरवी माडी मोकळी असायची." आणि फोन ठेवला.

माझ्या मनात संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तरी तोंडून आला तो उलटतपासणीचा प्रश्न. त्यामागे काय होतं ते मला नंतर समजलं. ती माडी मलाही प्रिय होती. तिथे मी सागरगोटे खेळले, तिथे मी पहिली कविता लिहिली. ताईचं खरं मानायचं तर माझी माडी मोडणार होती, म्हणून मी आधी तिची हलवून पाहिली.

घरात गोष्ट गेली तेव्हा सगळ्यांनी हेच केलं. मावशीने पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "तेन्ना कित्याक सांगलें ना?" तेव्हा का नाही सांगितलंस? मामा म्हणाले, तू तर तीन वर्षं शिकलीस, दहावीपर्यंत, असं काही असतं तर शिकली असतीस का? आणि मामेभावाने तर रामायण काढलं. ताईच्या सांगण्यात होतं की एकदा खाली सगळे टीव्हीवर रामायण बघत होते, आवाज वर येत होता, आणि तो आवाज चालू असेपर्यंत कुणी वर येणार नाही हे तिला ठाऊक होतं. मामेभाऊ म्हणाला, रामायण रविवारी सकाळी लागायचं. मास्तर मंगळवार-शुक्रवार दुपारी यायचे. मग?

त्याचं बरोबर होतं. दूरदर्शनवर रामायण जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८पर्यंत रविवारीच सकाळी असायचं; अख्खा वाडा आमच्याकडे बघायला यायचा, दारात चपलांचा ढीग पडायचा. ताईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "म्हाका रामायणाचो आवाज याद आसा." आणि मी, तिला वाचवायला, घाईघाईने बोलले : वाड्यातले सगळे यायचे तसे मास्तरही रविवारी टीव्ही बघायला येत असतील ना? तेव्हा वर गेले असतील.

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असेल."

त्या "असेल"ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. कारण ती जागा ताईने रिकामी ठेवली होती आणि ती भरली मी. आणखी दोनदा आम्ही त्यावर बोललो असतो तर मास्तर रविवारी टीव्ही बघायला यायचे, हे ताईला आठवलंही असतं.

माझं काम न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतराचं. कोंकणीत बोललेलं, मराठीत किंवा इंग्रजीत टिपलेलं, मग पुन्हा वाचून दाखवलेलं. एक शब्द दोनदा उंबरा ओलांडतो तेव्हा त्याचं काय होतं ते मी रोज पाहते. "ताणें म्हाका धरलें," असं मूल म्हणतं. धरलं म्हणजे हात धरला, की मिठी मारली, की जाऊ दिलं नाही? विचारणारा ज्या शब्दात विचारतो, तोच शब्द पुढच्या वेळी मुलाच्या तोंडी येतो. म्हणूनच पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, मुलाचा जबाब त्याच्याच बोलण्यात टिपावा, शक्य तिथे त्याचं ध्वनिचित्रमुद्रण करावं, वकिलांचे प्रश्न थेट मुलावर न सोडता न्यायाधीशांमार्फत जावेत, अशी तजवीज आहे. ती कलमं मी अनेकदा भाषांतरित केली होती. माझ्याच बहिणीसमोर बसल्यावर मला त्यातलं एकही आठवलं नाही.

मग मी वाचायला लागले. या विषयावर जगात मोठं भांडण होऊन गेलं आहे. १९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत कित्येक प्रौढ बायका उपचारकांकडे गेल्या आणि संमोहन, कल्पनाचित्रं, 'आठवून बघा' असा तगादा यांतून लहानपणीच्या अत्याचारांच्या आठवणी घेऊन बाहेर पडल्या. त्याआधी त्यांना तसं काही आठवत नव्हतं. काही कुटुंबं उद्ध्वस्त झाली, काही माणसं तुरुंगात गेली आणि पुढे सुटली. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना त्यांच्या लहानपणीचे चार प्रसंग दिले. तीन घरच्यांनी सांगितलेले खरे, चौथा रचलेला : तू पाच वर्षांचा असताना बाजारसंकुलात हरवलास, रडलास, एका म्हाताऱ्या बाईने तुला परत आणलं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर २४पैकी ६ जणांना तो न घडलेला प्रसंग, थोडा किंवा पुरा, आठवू लागला.

हा प्रयोग आता प्रत्येक घरातल्या मामेभावाला माहीत आहे. आमच्याही मामेभावाने तो मला फोनवर पाठवला. तेव्हा मी त्याला दुसरा अभ्यास पाठवला. लिंडा मेयर विल्यम्स यांनी १२९ बायका शोधून काढल्या. लहानपणी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची इस्पितळात तेव्हाच नोंद झालेली होती. सतरा वर्षांनी त्यांच्याशी बोलल्यावर ३८ टक्के बायकांनी तो प्रसंग सांगितलाच नाही. त्यांतल्या बऱ्याच जणींना तो आठवत नसावा असं विल्यम्स यांचं मत. १९९४ची ही गोष्ट. म्हणजे न घडलेलं आठवू शकतं आणि घडलेलं विसरू शकतं, दोन्ही खरं. दोन्ही अभ्यास हातात धरून दोन बाजू एकमेकींवर वर्षानुवर्षं तुटून पडल्या.

मला मात्र वाचता वाचता एक गोष्ट खुपायला लागली. हे सारं भांडण आहे ते एकदा विसरलेलं पुन्हा आठवण्याबद्दल. ताई विसरली कधी होती? तिच्यावर कुणी संमोहन केलं नव्हतं, ती कुणा उपचारकाकडे गेली नव्हती. मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "म्हाका केन्नाच विसर पडूंक ना." लग्नाच्या दिवशी आठवत होतं, बाळंतपणात आठवत होतं, लेकीला नाचाच्या क्लासला घालताना तर तिने क्लासच्या दाराबाहेर दीड तास उभं राहून काढला, आठवडेच्या आठवडे. तिने सांगितलं नव्हतं, एवढंच.

न सांगणं आणि विसरणं आपण एकाच पोत्यात भरतो. "इतक्या वर्षांनी कसं आठवलं?" असं लोक विचारतात, तेव्हा ती बाई आठवणीबद्दल काही म्हणालेलीच नसते; ती तोंड उघडण्याबद्दल बोलत असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, त्यांत गोवाही, आणि १२,४४७ मुलं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. निम्म्या प्रकरणांत माणूस ओळखीचा किंवा मुलाची जबाबदारी ज्याच्यावर तो. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणालाही काही सांगितलं नव्हतं. त्या मुलांची स्मृती शाबूत होती. ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं.

आमच्याकडे कोण बसलं होतं? आजी मास्तरांना नारळ आणि तांदूळ द्यायची. मावशी त्यांच्यासाठी चहात वेलची घालायची. ताईने एकदा पेटीला जायचं नाही म्हणून पोटात दुखतंय सांगितलं तेव्हा तिला ओव्याचं पाणी दिलं आणि वर पाठवलं. ही ओव्याच्या पाण्याची गोष्ट मावशीने स्वतः सांगितली, आता, रडत. त्याआधी ताईने ती कुणाला सांगितली नव्हती.

रामायणाचा काटा मात्र माझ्या मनातून जाईना. तो मी ज्या वाचनाने काढला ते नायसरचंच. त्याने १९८१मध्ये जॉन डीनबद्दल लिहिलं. डीन हा अध्यक्ष निक्सनचा वकील. १९७३मध्ये वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीच्या, चौकशीत त्याने मागच्या बैठका इतक्या बारकाईने सांगितल्या की लोक त्याच्या स्मरणशक्तीला टेपरेकॉर्डर म्हणू लागले. मग खरोखरच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. नायसरने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. १५ सप्टेंबर १९७२च्या बैठकीत डीनने निक्सनच्या तोंडी घातलेली वाक्यं निक्सन बोललाच नव्हता. कोण काय म्हणालं, कुठल्या दिवशी म्हणालं, बरंच चुकलेलं. पण झाकपाक चालली होती, अध्यक्षाला ठाऊक होतं, पैसे दिले जात होते, हे डीनने सांगितलेलं सगळं खरं. पुन्हा पुन्हा घडलेल्या गोष्टी मनात एकमेकींत मुरतात आणि त्यांची एकच गोष्ट होते. चॅलेंजरच्या आठवणी किती फसव्या ते दाखवणारा आणि डीन खोटारडा नव्हता हे दाखवणारा माणूस एकच, याचा मला फार आधार वाटला.

जून १९८७ ते ऑक्टोबर १९८८, आठवड्यातून दोन दुपारी. त्यांतली कुठली दुपार कुठल्या आवाजाला चिकटली, हे ताईने आज बिनचूक सांगावं अशी अपेक्षा कुठला माणूस करतो? आपल्या शाळेतले गणिताचे तास आठवून पाहा. एखादा तास म्हणून वेगळा आठवतो का? तरी गणित कोण शिकवायचं याबद्दल शंका नसते.

इथे मला दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण ती मी टाळली तर माझ्या लिहिण्याला अर्थ नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४मध्ये एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. प्रसंग चालू असताना तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा पाठ केला. नंतर फोटोंतून आणि मग पोलिसांनी उभ्या केलेल्या संशयितांच्या रांगेतून तिने रोनाल्ड कॉटन नावाच्या तरुणाला ओळखलं. ओळखल्यावर, तू फोटोतही यालाच निवडलं होतंस, असं पोलिसांनी तिला सांगितलं. डळमळीत ओळख तिथे पक्की झाली. कॉटनने दहा वर्षांहून अधिक तुरुंगात काढली. १९९५मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला; गुन्हेगार दुसराच होता. बलात्कार खरा, तिचं दुःख खरं, तिची खात्रीही खरी. चेहरा चुकला. तो अनोळखी माणूस होता आणि ताईचे मास्तर रोजच्या ओळखीचे, हा फरक मोठाच. पण खात्रीला बाहेरून पाणी घातलं की ती वाढते, हे मी विसरू शकत नाही. त्या मुलीला पोलिसांनी घातलं, ताईला रामायणाच्या वेळी मी घालत होते.

कायद्याचं मी एका वकील मैत्रिणीला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला. राज्यघटनेच्या कलम २०प्रमाणे तो मागच्या कृत्यांना लावता येत नाही. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३चा, तोही नंतरचा. १९८८मध्ये ताईबाबत जे घडलं ते तेव्हाच्या दंड संहितेत विनयभंग, कलम ३५४, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. बलात्काराला अशी मुदत नाही, पण तो वेगळा. न्यायालय सबळ कारण पाहून उशीर माफ करू शकतं. छत्तीस वर्षांचा करेल अशी आशा धरू नकोस. मी बोटांवर हिशेब केला. ताई पंधरा वर्षांची असताना, दहावीच्या आसपास, ती मुदत संपून गेली होती.

तिने आणखीही सांगितलं, ते मला जपून ठेवावंसं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये गुरमीत सिंग खटल्यात म्हटलं आहे की, अशा प्रकरणांत तक्रारीला उशीर होणं समजण्यासारखं असतं, आणि पीडितेचं सांगणं विश्वासार्ह वाटलं तर त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड असलीच पाहिजे असं नाही. त्याच १९९६मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला जन्मठेप झाली. मुलांसाठी घर चालवणारा, लोकांत मान असलेला माणूस. १९९१मध्ये पकडला तेव्हा त्याच्याकडे मुलांचे दोन हजारांहून जास्त फोटो सापडले. आमच्या लहानपणी ते नाव घरात कुणी मोठ्याने घेत नसे. गोव्याला तेव्हा कळलं होतं की असा माणूस सभ्य दिसू शकतो. पण ते कळायला दोन हजार फोटो लागले. माडीवर कॅमेरा नव्हता.

सत्कार समितीतले दोघे ताईकडे आले. वाईट माणसं नव्हती. चहा घेतला, मान खाली घालून ऐकलं. मग त्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, "बाय, तुजेर आमचो विश्वास आसा. पूण आनीक कोणाक कितें याद आसा?" आणि ताईने माझ्याकडे पाहिलं.

मला आठवत होतं. तिच्या फोननंतर तीन दिवसांनी, तांदूळ धुताना ते मला आठवलं. १९८८ची मे महिन्याची सुट्टी, मी आजोळी. सागरगोटे माडीवर राहिलेले म्हणून मी जिना चढून गेले. दाराला आतून कडी. मी दार ढकललं तेव्हा कडी वाजली, लोखंडाची, पातळ आवाजाची. आत पेटी वाजत नव्हती. शिकवणीची वेळ होती आणि पेटी वाजत नव्हती. मी थोडा वेळ उभी राहिले आणि खाली आले. पायाखालच्या फळीचा थंडावा, जिन्यातला पिकलेल्या आंब्यांचा वास, सगळं लख्ख.

डाव्या खांद्यावर गळणाऱ्या पाण्याइतकंच लख्ख.

समितीच्या माणसांना मी सांगितलं : एक बंद दार मला आठवतं आहे, पण ताईने सांगितल्यानंतर आठवलं. त्याआधीच्या छत्तीस वर्षांत ते मला एकदाही आठवलेलं नाही. ते माझं आहे की तिच्या सांगण्यातून माझ्यात आलेलं आहे, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही ते पुरावा म्हणून धरू नका. तिचं सांगणं मात्र मला खरं वाटतं, आणि त्याला माझ्या दाराची गरज नाही.

मी अगदी सावकाश, शब्द मोजून बोलले. पुढच्या आठवड्यात गावात पसरलं ते एवढंच, की मावसबहिणीलासुद्धा काही आठवत नाही.

ताई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. दारातून निघताना तिने म्हटलं होतं, "तूं लेगीत?" तूसुद्धा? तिचा राग मला मान्य होता. मी खोटं बोलायला हवं होतं असं तिचंही म्हणणं नव्हतं. तिला एक माणूस हवं होतं जे चाचपडणार नाही. ते माणूस मी होऊ शकले नाही, आणि आजही मला कळत नाही की त्या खोलीत त्या क्षणी तिच्यासाठी दुसरं काय करता आलं असतं. सत्कार झाला. थोडक्यात झाला म्हणे, आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. मामाही गेले नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चवथीला आजोळी गेलो तेव्हा माटोळी उतरवल्यानंतरच्या दिवशी मावशीने तिची ट्रंक उघडली. ती हिशेबाच्या वह्या लिहायची. यजमानांना पत्रातून पै-पैचा हिशेब कळवावा लागे म्हणून. १९८७, १९८८, १९८९. दूधवाला, पोदेर म्हणजे पाववाला, वीज, शाळेची फी. आणि दर महिन्याला एक ओळ : पेटी मास्तर ४०. पहिली जून १९८७ला, शेवटची ऑक्टोबर १९८८ला. पुढे नाही. नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही, १९८९च्या अख्ख्या वहीत नाही.

तीन वर्षं शिकलीस, दहावीपर्यंत, असं सगळे म्हणत होते. ताई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, दिवाळीच्या आधी मी सोडलं. मावशीने ती ओळ दोनदा वाचली आणि वही मिटून मांडीवर ठेवली. वही माडीवर काय झालं ते सांगत नाही, हे मला माहीत आहे. चाळीस रुपये कधी थांबले तेवढंच ती सांगते. पण सगळ्या घराची आठवण चुकलेली आणि ताईची बरोबर, हे निळ्या शाईत होतं. मामा उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले तेव्हा ताईच्या शेजारी बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि काही बोलले नाहीत.

त्या रात्री ताई माझ्या खोलीत आली. मी तिला माझी वही दाखवली. तिच्या फोननंतरच्या आठवड्यापासून मी ती ठेवली आहे. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे : ताईने सांगायच्या आधी मला ठाऊक असलेलं. उजवीकडे : नंतर आलेलं. डावीकडे फार थोडं आहे. मास्तरांच्या धोतराचा काठ. ताईने एका दिवाळीत पेटीवर वाजवायला नकार दिला आणि आजी चिडली, ते. मे महिन्यात ती रात्री माझ्या अंथरुणात येऊन झोपायची, ते. उजवीकडे कडी, फळी, आंब्यांचा वास, न वाजणारी पेटी.

कोंकणीत आठवणीला 'उगडास' म्हणतात. मला त्यात नेहमी 'उघड' ऐकू येतं, दार उघडावं तसं. ताईने उजवीकडची यादी बोट फिरवत वाचली. बोट कडीवर थांबलं.

"कडयेचें हांवें तुका सांगिल्लें?" तिने विचारलं. त्या रात्री फोनवर, कडीचं मी सांगितलं होतं का?

मला आठवेना. मी तिला विचारलं, तुला आठवतं का? तिने बराच वेळ विचार केला. बाहेर राजांगणात पागोळ्या गळत होत्या. "ना," ती म्हणाली. "कडी आशिल्ली. पूण तुका सांगिल्लें काय ना, ती याद ना."

मग तिने बोट उचललं आणि म्हणाली, हेही लिही. मी रेघेच्या दोन्ही बाजूंना न जाता खाली, पानाच्या तळाशी लिहिलं. तिने सांगितलं म्हणून शेजारी तारीख घातली.